नायट्याचे मलम: कोणते घ्यावे, किती लावावे, कधी थांबवावे

नायटा महिनोन्‌महिने रेंगाळतो तेव्हा बहुतेक वेळा दोन चुका आढळतात. एकतर भलतेच मलम लावलेले असते, नाहीतर योग्य मलम खाज थांबताच बंद केलेले असते. त्यामुळे ट्यूब उघडण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा.

आधी ओळख पटवा

नायटा किंवा गजकर्ण गोल पसरतो. कड लालसर, किंचित उंच आणि पोपडे धरलेली असते. मधला भाग त्या मानाने स्वच्छ दिसतो. बुरशी त्वचेतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते आणि बाहेरच्या दिशेने सरकते, म्हणून सर्वांत जिवंत बुरशी कडेला असते. चिखल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात: कातडी पांढरी, ओलसर होऊन सोलते. शिबे म्हणजे छाती-पाठीवरचे फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंडा सुटणारे डाग. जांघेत किंवा स्तनांखाली चकाकता लाल भाग आणि त्याच्या आसपास सुटे लाल ठिपके असतील, तर ती बहुधा कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी असते.

फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मलम लावत बसू नका. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा.

ट्यूबवरचे नाव वाचा

क्लोट्रिमाझोल १ टक्का, मायकोनाझोल २ टक्के, किटोकोनाझोल २ टक्के, ल्युलिकोनाझोल १ टक्का, टर्बिनाफिन १ टक्का ही बुरशीविरोधी औषधे. नायट्यावर यांतले एकच पुरते. कॅन्डिडावर मात्र क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल बरे, कारण तिथे टर्बिनाफिनचा जोर कमी पडतो. निस्टॅटिनचे उलटे आहे: ते कॅन्डिडावर चालते, नायट्यावर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. त्याच ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल, तर तिच्यात स्टेरॉइड आहे. नायट्यावर ती स्वतःच्या मनाने लावू नका. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दोन दिवसांत दाबते, म्हणूनच ते फार गुणकारी वाटते. पण ते त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशी आत निवांत वाढत राहते. मलम थांबवले की नायटा दुप्पट जोमाने उठतो, कड पुसट होते, ओळखणेही अवघड जाते. जांघेतली त्वचा पातळ असते. तिथे कायमचे पांढरट-लाल व्रण पडतात. अनेक आठवडे असे मलम लावले असेल, तर ते बंद केल्यावर काही दिवस आग आणि खाज वाढू शकते. घाबरून पुन्हा तेच लावण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना गाठा.

लावण्याची रीत

१. जागा साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुवा. घासू नका. जंतुनाशक द्रव, लिंबू, लसूण यांनी कातडी भाजते आणि मग आग नायट्याची की उपचाराची हेच कळत नाही.

२. पूर्ण कोरडी करा. बोटांची बेचकी, जांघ आणि पोटाच्या घड्या टिपून घेऊन पाच-दहा मिनिटे हवा लागू द्या. ओल्या कातडीवर लावलेले मलम पसरते आणि वाया जाते, शिवाय बुरशीला हवी असलेली ओल तशीच राहते.

३. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची एक रेघ काढा. प्रौढ माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. एका तळहाताएवढ्या चट्ट्याला अर्धी रेघ बास.

४. चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटर चांगल्या दिसणाऱ्या कातडीपासून सुरुवात करून आत येत पातळ थर लावा. मध्यभागी भरपूर आणि कडेला थोडेसे लावले, तर जिवंत बुरशी सुटते. पांढरा थर दिसत राहिला तर मलम जास्त झाले.

५. हात साबणाने धुवा. हाताचाच नायटा असेल तर न बिघडलेला हात तेवढा धुवा. वरून प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नका.

पहिले काही दिवस किंचित चुरचुरणे चालते. फोड, सूज किंवा वाढती आग दिसली तर मलम धुऊन टाका आणि थांबवा. लॅटेक्सचा कंडोम वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की काही मलमांतल्या तेलकट घटकांमुळे तो कमकुवत होतो.

किती दिवस?

क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. चिखल्यांना चारही आठवडे लागू शकतात. टर्बिनाफिन आणि ल्युलिकोनाझोल सहसा एक-दोन आठवड्यांत काम करतात, मात्र टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आढळते. क्लोट्रिमाझोल गटात चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक ते दोन आठवडे लावत राहा. खाज आधी थांबते, बुरशी नंतर मरते.

उपचार मध्येच सुटण्याचे एक साधे कारण म्हणजे ट्यूब संपणे. दोन तळहातांएवढ्या भागाला दिवसातून दोनदा लावले तर रोज एक ग्रॅम लागते. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब जेमतेम दोन आठवडे पुरते. हा हिशेब आधीच करून पुरेशा ट्यूब आणून ठेवा.

शिब्यांचे डाग बुरशी मेल्यावरही काही महिने फिकट राहू शकतात. नवा कोंडा सुटत नसेल तर मलम वाढवून उपयोग नाही. रंग आपोआप परततो.

मलमाइतकेच महत्त्वाचे

टॉवेल, चादर आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुवा, कडकडीत वाळवा. पायाला चिखल्या आणि जांघेत नायटा, ही जोडी नेहमी दिसते: अंतर्वस्त्र घालताना पायाची बुरशी वर जाते. म्हणून आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. दोन्हीकडे एकाच वेळी उपचार करा. घरात आणखी कुणाला चट्टा असेल, किंवा मांजर-कुत्र्याच्या अंगावर केसगळ झालेले ठिपके असतील, तर त्यांच्यावरही उपचार हवेत. नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते.

डॉक्टरांकडे कधी?

डोक्याच्या केसांत किंवा नखांत बुरशी असेल तर नुसते मलम सहसा पुरत नाही. तोंडाने घ्यायचे औषध लागते. चेहऱ्यावर किंवा डोळ्याजवळ चट्टा असेल, अंगभर पसरला असेल, दोन आठवड्यांत फरक नसेल, पू, ताप किंवा वाढती वेदना असेल, रुग्णाला मधुमेह असेल वा प्रतिकारशक्ती कमी असेल, किंवा तान्ह्या बाळाला झाला असेल, तर वाट पाहू नका. गरोदर असाल तर मलम निवडण्याआधी विचारा. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेत असाल, तर मायकोनाझोल लावण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. त्याने रक्त जास्त पातळ होऊ शकते.

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या आणि शेवटचे मलम कधी लावले तेही सांगा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि नुकतेच बुरशीविरोधी मलम लावलेले असेल तर बुरशी असूनही ती त्यात न दिसण्याची शक्यता असते.