हमर आणण्याआधी मोजायची टेप काढा

आमच्या बेळगावजवळच्या जांबोटीकडच्या वाटांसाठी मोठी अमेरिकन गाडी आणायची म्हणताय? मग आधी टेप घ्या. हमर एच१ जवळजवळ २.२ मीटर रुंद. माझ्या शेताच्या वाटेला दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), मधे मापून सात फूट. म्हणजे गाडी शिरणारच नाही, बैलगाडी मात्र जाते की ओ!

कागदांचं थोडक्यात: परदेशातून जुनी आणायची तर बनून ३ वर्षांच्या आतली, स्टिअरिंग उजवीकडे, उतरणार मुंबई बंदरातच. तिकडचे बहुतेक मोठे पिकअप डाव्या स्टिअरिंगचे, तिथंच निम्मे गडी गारठतात. जीप रँग्लर रांजणगावातच जोडली जाते. मी तर तीच घेईन.

पावसात लाल चिखल टायरच्या खाचांत पुरणासारखा बसतो. टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा, डांबरी लागताच परत भरा. ओढ्यात काठी घेऊन आधी स्वतः उतरा. आणि चाकोरीतला मधला उंचवटा बघा. गेल्या आषाढात माझ्या गाडीचं पोट त्यावरच टेकलं, चारही चाकं नुसती फिरत राहिली. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढली. दोर मात्र पुढच्या हुकालाच बांधा, बंपरला नको; माझा बंपर अजून गोठ्यात पडलाय.