स्वस्त कार स्टिरिओ: डेक साधा घ्या, पण वायरिंग नीट करा

जुन्या गाडीत गाणी ऐकायला महागड्या अँड्रॉइड स्क्रीनची गरज नसते. ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएम असलेला साधा डेक दोन-तीन हजारांत मिळतो आणि नीट बसवला तर वर्षानुवर्षं चालतो. माझ्या जुन्या गाडीत असाच आहे. 'स्वस्त डेक फाटका वाजतो' अशी तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. उघडून पाहिलं की बहुतेक वेळा दोष वायरिंगचा नाहीतर स्पीकरचा निघतो.

खरेदीआधी

डॅशबोर्डची जागा मोजा. 180 × 50 मिलिमीटर म्हणजे सिंगल डिन, 180 × 100 म्हणजे डबल डिन. डबलच्या जागेत सिंगल डेक बसवायचा असेल तर गाडीच्या मॉडेलची फ्रेम वेगळी घ्यावी लागते.

खोक्यावरच्या '4 × 50 वॅट'वर जाऊ नका. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. डेकच्या आतल्या ॲम्प्लिफायरकडून दर स्पीकरला 15 ते 20 वॅट मिळाले तरी गाडीच्या केबिनला ते भरपूर होतात. पाच हजारांचं बजेट असेल तर निम्मे पैसे पुढच्या दोन दारांच्या स्पीकरसाठी ठेवा. मागचे स्पीकर नंतर घेतले तरी चालतात.

डेकसोबत तुमच्या गाडीचा कपलर, म्हणजे डेक आणि गाडीच्या वायरी जोडणारा प्लग, नक्की मागून घ्या. शंभर-दोनशे रुपयांची ही वस्तू वाचवायला मूळ वायरी कापल्या जातात, आणि गाडी वॉरंटीत असेल तर त्यावरूनही वाद होतो.

वायरिंग

इथे घाई करू नका. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळे कपलर किंवा पिवळं वेष्टन असलेल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका.

डेकच्या कपलरवर पिवळी वायर बॅटरीकडून येणाऱ्या कायमच्या 12 व्होल्टची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. जोडीतली काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. हे रंग डेकचे आहेत. गाडीच्या मूळ वायरींचे रंग वेगळे असू शकतात. म्हणून बॅटरी तेवढ्यापुरती जोडून मल्टिमीटरने तपासा: चावी काढल्यावरही 12 व्होल्ट दाखवते ती पिवळीला, चावी फिरवल्यावरच दाखवते ती लालला.

माझ्या गाडीत फिटरने लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकली होती. डेक छान वाजला, पण गाडी चार दिवस उभी राहिली आणि बॅटरी पूर्ण उतरली. उलट, दोन्हींची अदलाबदल झाली असेल तर चावी काढली की लावलेली स्टेशनं पुसली जातात.

स्पीकरची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला कधीही लावू नका, डेकचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. ॲक्सिलरेटर दाबला की आवाजात शिट्टी चढत असेल तर आधी काळी वायर तपासा. रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर ती घट्ट कसली की बऱ्याचदा शिट्टी जाते. जोड पिळून नुसती चिकटपट्टी लावू नका. उन्हात गोंद वितळतो आणि पट्टी सुटते. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा.

दारातले स्पीकर

दाराचं पॅड काढलं की आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. तो फाडू नका, काम झाल्यावर जसाच्या तसा परत लावा. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी तोच अडवतो. तो नसेल तर कोकणात जुलै संपायच्या आत स्पीकरचा कोन (मधला कागदी पडदा) भिजून आवाज फाटायला लागतो.

प्लस-मायनस ओळखायला 1.5 व्होल्टचा सेल पुरतो. डेकपासून सोडवलेल्या स्पीकरच्या दोन टोकांना तो क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस लागला ते टोक प्लस. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर ढोलकी, तबल्याची थाप गायब होते आणि लोक बिचाऱ्या स्पीकरला दोष देतात.

वापरताना

बेस आणि ट्रेबल आधी शून्यावर ठेवा. काही कानाला टोचत असेल तर ते कमी करा. सगळंच वाढवत नेऊ नका. ब्लूटूथवर फोनचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि पुढचं डेकवरून ठरवा. आवाज फाटायला लागला की तिथून दोन आकडे खाली, ही डेकची खरी हद्द.

ताम्हिणीसारख्या घाटात नेटवर्क जातं तेव्हा पेन ड्राइव्हच उपयोगी पडतो. तो एफएटी32 (FAT32) या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करा, बरेच स्वस्त डेक दुसरं काही वाचत नाहीत. अनेक डेकवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून फाइलींची नावं रोमन अक्षरांत लिहा. आधी 01, 02 असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने कॉपी करा. भजनं, नाट्यगीतं, मुलांच्या गोष्टी यांचे वेगळे फोल्डर करा, म्हणजे चालवताना शोधाशोध होत नाही. गाणं निवडायचं ते गाडी उभी असताना, नाहीतर शेजारी बसलेल्याने.

डेक अचानक बंद पडला तर दुरुस्तीला नेण्याआधी त्याच्या पाठीमागचा छोटा फ्यूज काढून पाहा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला, मोठा नको. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून शॉर्ट झाली आहे. ती सापडेपर्यंत डेक बंद ठेवा.