गिअर ऑइल घेताना डब्यावर काय वाचायचं

मी वाईत राहते आणि शाळेसाठी रोज पसरणी घाट चढून पाचगणीला जाते. वळण आलं की तिसऱ्यातून दुसरा, पुन्हा तिसरा, असं घाटभर चालतं. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात गिअर ऑइल बदलून घेतलं आणि त्याच हिवाळ्यात सकाळच्या वेळी दुसरा गिअर करकरायला लागला. नवंकोरं ऑइल, मग हे कसं? रिकामा डबा डिकीतच पडला होता. त्यावर जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ऑइलच्या प्रकाराची खूण), ८०डब्ल्यू-९० (हा घट्टपणाचा आकडा). गाडीच्या पुस्तकात होतं जीएल-४, ७५डब्ल्यू-८०.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, पाच म्हणजे चारपेक्षा भारीच की!" इथंच गफलत होते. हे आकडे इयत्तांसारखे चढते नाहीत. गिअर पडण्याआधी आतले दोन भाग एकाच वेगाने फिरायला लागतात. ते काम सिंक्रोची पितळी रिंग करते, ब्रेकसारखी घासून. जीएल-५ बनतं मुख्यतः जीप-पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलसाठी, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चक्रांसाठी. तिथं दात एकमेकांवर जोरात घसटत फिरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. आपल्या रिंगला मात्र पकड लागते. फार निसरडं तेल असलं की ती घसरते आणि दात दातावर आपटतात. शिवाय काही जीएल-५ तेलं तापल्यावर पितळ खातात. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे दातही साधे तिरके असतात. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४ च घ्या.

आता दुसरा आकडा. 'डब्ल्यू'च्या आधीचा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा तापल्यावरच्या घट्टपणाचा. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. ७५डब्ल्यू-८० गिअर ऑइल साधारण १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलइतकंच पातळ असतं, त्यामुळे ८० वाचून ते डांबरासारखं असेल असं समजू नका. पहाटेच्या थंडीत घट्ट तेल रिंगखालून लवकर सरकत नाही आणि पहिल्या दोन-तीन किलोमीटरला गिअर जड जातो. मला घाटाखालीच ते जाणवायचं.

काही कंपन्या, उदाहरणार्थ होंडा, स्वतःचं वेगळं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल) सांगतात. तिथं बाजारातलं 'चालेल' म्हणून मिळणारं तेल घेऊ नका. गाडी एएमटी (क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी) असेल तर आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच, पण गिअर टाकणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचं तेल वेगळं असतं. दोन्हींची सरमिसळ नको.

बदलताना गाडी सपाट जागेवर हवी. आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. उलट केलंत आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर तेल सांडलेलं आणि गाडी जागेवर. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, काजळासारखा लेप दिसेल. तो पुसा, काळजी नको. पातळ चकत्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स उघडून दाखवाच. नवं तेल भरायच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरा. छोट्या गाड्यांना साधारण दोन-अडीच लिटर लागतं, नेमकं माप पुस्तकात. वॉशर नवे घाला.

मी जीएल-४ भरलं, तेव्हा आठवडाभरात करकर थांबली. तेल बदललं त्या रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. सकाळी कागद कोरडा होता, मगच घाटाला लागले.