खड्ड्यात विझणारा सायकलचा दिवा

पावसाळा संपल्यावर माझ्या सायकलचा पुढचा दिवा खड्डा आला की विझू लागला आणि वरून टिचकी मारली की पुन्हा लागू लागला. त्यात एएए आकाराचे तीन अल्कलाइन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ते बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा दोष बटणाचाच असावा अशी माझी खात्री झाली, आणि ती चुकीची ठरली.

मल्टिमीटरने दिवा बंद असताना मोजल्यावर तिन्ही सेलांचा मिळून दाब ४.७ व्होल्ट भरला; मात्र दिवा लावून सर्किटच्या टोकांवर मोजला, तर तो जेमतेम २.६ व्होल्ट होता, आणि पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. विजेचा प्रवाह सुरू झाल्यावरच दाब कोसळतो, याचा अर्थ वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. ऋण टोकाच्या स्प्रिंगच्या तळाशी पांढरट थर दिसला. जुन्या सेलमधून पाझरलेल्या अल्कलीचा तो अवशेष होता. कापसाच्या काडीने थोडे व्हिनेगर लावताच तो फसफसला. (हातमोजे घालावेत, कारण सेलमधून पाझरलेला द्रव कातडी भाजतो.) नंतर ओल्या काडीने पुसून, रात्रभर वाळवून, स्प्रिंग बारीक पॉलिश कागदाने घासली आणि किंचित ताणली. आता दिवा लावल्यावरही ४.४ व्होल्ट मिळतात. बटण मात्र मी उगाचच उघडले होते. त्याची रबरी टोपी परत बसवण्यात अर्धा तास गेला.