एकालाच खाता येईल असा फीडर बनवायचाय? मग आधी चोर ओळखा

मांजराचं खाणं कुत्रा फस्त करतो, पक्ष्यांचे दाणे खार पळवते, हे रडगाणं सगळ्यांचंच असतं आणि मग आपण मांजराला काय आवडतं, पक्षी कुठे बसतो असा विचार करत बसतो. तिथेच गडबड होते. ज्याला हाकलायचंय त्याला काय जमत नाही ते आधी शोधा, वजन, अंगाची रुंदी, उडी, जिभेची लांबी, उलटं लटकणं, कुठेतरी फरक सापडतोच.

आणि हा नुसता हावरटपणाचा प्रश्न नाही हं. गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं, ते घोड्याच्या पोटात गेलं तर घोडा मरू शकतो. मेंढ्यांना जास्त तांबं सोसत नाही, त्यामुळे गुरांचं खनिज मिश्रण त्या चाटत राहिल्या तरी धोका.

सगळ्यात सोपी चाळणी म्हणजे भोक. साधारण 38 मिलिमीटरच्या जाळीतून छोटे पक्षी आरामात आत जातात, मोठी खार किंवा कबुतर बाहेरच. पण जाळी दाण्यांपासून चांगली लांब ठेवा, नाहीतर बाहेर बसून पंजा किंवा चोच घालून खाणारे असतातच. हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) येऊन खावा म्हणून खोका करतात त्याचं दार 13 बाय 13 सेंटिमीटरचं, पण मांजराचं डोकं शिरलं की मागून बाकीचं मांजर येतंच, म्हणून दाराच्या आत आडवी भिंत घालून एक वळण द्यायचं. हेजहॉग वळतो, मांजर अडकत नाही पण खाण्यापर्यंत पोचतही नाही.

आता वजन, इथे खरी मजा आहे. कोंबडी पेडलवर उभी राहिली की झाकण उघडतं, उंदराने उघडत नाही. कोंबडी दोनेक किलोची, मोठा उंदीर फार तर अर्धा किलो, म्हणजे किलोभर वजनाला उघडेल असं काउंटरवेट लावलं की झालं, असं वाटतं. होत नाही. उंदीर दोन-तीन मिळून चढतात आणि उडी मारली की क्षणभर वजनापेक्षा बराच जास्त जोर पडतो. म्हणून झाकण हळू उघडेल असं करा आणि पेडल इतकं लांब ठेवा की उंदराला पेडलवर राहून दाण्यापर्यंत तोंड नेता येणार नाही. कोंबडीला लांब मान आहे, उंदराला नाही.

उलटं गणितही असतं, म्हणजे जड आला की बंद. चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची, खार जातीप्रमाणे शंभर ग्रॅमपासून पाचशेच्या वर. स्प्रिंग सत्तर-ऐंशी ग्रॅमला दबेल अशी ठेवा, कारण दोन चिमण्या एकदम बसतातच. आणि स्प्रिंग नुसत्या दांडीला लावू नका, खार वरून मागच्या पायांनी लटकते, दांडीला हातही लावत नाही. बाहेरचं अख्खं नळकांडंच वजनाने खाली सरकून भोकं झाकेल असं करा.

काही चाळण्या अगदी फुकटच्या असतात. दाण्यांमधे तिखट मिसळलं तर पक्ष्यांना ते कळतच नाही, सस्तन प्राण्यांचं तोंड भाजतं. फक्त भुकटी डोळ्यात उडते, तेव्हा थोड्या तेलात कालवून लावा. हमिंगबर्ड (फुलांतला रस पिणारा इवलासा पक्षी) यांच्या पसरट फीडरमधे साखरपाण्याची पातळी भोकापासून जरा खाली ठेवली की त्यांची लांब जीभ पोचते, मधमाशीची पोचत नाही. रानडुकरांसाठी तर दांड्यावर वरखाली सरकणारं जड शंकूसारखं झाकण करतात, ते डुक्कर नाकाडाने उचलतं, बाकीच्या बहुतेकांना तसं नाकाडच नाही.

मांजर आणि छोटा कुत्रा एकाच मापाचे असले की मग मायक्रोचिप. 134.2 किलोहर्ट्झवर चालणारी, 15 अंकी नंबर देणारी मानेजवळ कातडीखाली बसवलेली चिप फीडरजवळ आली की दार उघडतं. पण ही चाळणी प्रजातीची नाही, त्या एका प्राण्याची आहे, नवं मांजर आणलं तर त्याची वेगळी नोंद करावी लागते. माझ्याकडचा कुत्रा काय करायचा, मांजराने दार उघडेपर्यंत शहाण्यासारखा थांबायचा आणि मग शेजारून थोबाड घालायचा. शेवटी तीन बाजूंनी पारदर्शक पत्रे उभे करून मांजराच्याच रुंदीची गल्ली केली तेव्हा कुठे बंद झालं. म्हणून माझं मत, एका युक्तीवर राहू नका, दोन वेगळ्या जातीच्या लावा, चिप आणि रुंदी, वजन आणि लांबी असं काहीतरी.

सुरुवातीला दार अर्धवट बांधून उघडंच ठेवा. आवाजाने आपलाच प्राणी घाबरला तर परत फिरकणार नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी थोडं थोडं हलू द्या. झाकणात मान किंवा पाय चिमटणार नाही हे स्वतःचं बोट घालून बघायचं, दुखलं तर स्प्रिंग ढिली करायची.

मग रात्रभर कॅमेरा लावा, आणि पहिल्याच रात्रीवर खुश होऊ नका, चोराला शिकायला आठवडा लागतो. फीडरच्या खाली काय पडलंय तेही बघा. सांडलेल्या दाण्यांना ना जाळी ना पेडल, तेव्हा खाली थाळी लावून ती संध्याकाळी रिकामी करायची.