डोळे दोनच, कामं तीन: वर्गातल्या दुभाष्यासाठी

ऐकू येणारं पोरगं फळ्यावरचं वहीत उतरवता उतरवता सरांचं बोलणंही ऐकतं. कर्णबधिर मुलाला ऐकायचंही डोळ्यांनीच. फळा, वही आणि सरांचं बोलणं खुणांनी सांगणारा दुभाषी, एका वेळी यातल्या एकाकडेच त्याला बघता येतं. म्हणून सांकेतिक भाषा चांगली येणारा दुभाषीही वर्गात कमी पडू शकतो: त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे असतं, मुलाच्या नजरेकडे नसतं.

आधी जागा. फळ्यालगत, शिक्षकांच्या बाजूला, मुलापासून ६ ते ८ फुटांवर उभं राहा, म्हणजे मान न वळवता त्याला फळा, शिक्षक आणि तुम्ही, तिघंही दिसाल. मुलाला दुसऱ्या बाकावर बसवा. पहिल्या बाकावर मान वर करून दुखते आणि मागचा वर्ग दिसत नाही. खिडकीकडे पाठ करू नका. मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो, आणि भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्न किंवा नकार हातांइतकाच भुवयांवर आणि मानेवर असतो.

नागपुरात नेमकी इथेच चूक होते. उन्हं तापली की खिडकीत कूलर लागतो आणि दुभाषी नकळत त्याच्यासमोर सरकतो. अंशतः ऐकू येणाऱ्या मुलाचं नुकसान वेगळंच: श्रवणयंत्र सरांच्या आवाजासोबत कूलरची घरघरही वाढवतं. त्याला कूलरपासून लांब, सरांच्या जवळ बसवा आणि नवा मुद्दा शिकवताना कूलर कमी वेगावर ठेवायला सांगा. मूल एकाएकी प्रतिसाद देईनासं झालं, तर आधी सेल आणि कानातल्या साच्यातला घाम तपासा. ओठ वाचण्यावर फार विसंबू नका. पाट, भाट आणि माठ ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात.

कपडे एकरंगी, ज्यांवर हात उठून दिसतील असे. चौकडी, खळखळत्या बांगड्या, चमकतं नेलपॉलिश नको. जरीकाठाची साडी गॅदरिंगला.

धडा दोन दिवस आधी मागून घ्या. त्यातले १०-१५ अवघड शब्द काढा आणि त्यांच्या खुणा मुलासोबत बसून ठरवा. दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. वस्तुमान आणि वजन यांना एकच खूण वापरली, तर चंद्रावर वजन बदलतं आणि वस्तुमान तेच राहतं, हे वाक्यच निरर्थक होतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत, तिथे शोधा. पण मुलाची स्वतःची रुळलेली खूण असेल तर ती आधी. जोडाक्षरांचे मराठी शब्द बोटांनी एकेक अक्षर करून सांगत बसू नका, छोट्या पाटीवर लिहून दाखवा.

सरांच्या पहिल्या शब्दाला हात उचलू नका. ‘हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही’ यात ‘नाही’ शेवटी येतो. घाई केली तर उलटाच अर्थ हातातून निघून जातो. एक वाक्य मागे राहा. दोन वाक्यं मागे पडलात तर आकडे निसटतात, म्हणून सनावळी आणि मापं तत्काळ द्या. शब्दाला शब्दही नको. ‘समजून राह्यलं का?’ यात ‘राहणं’ कुठेच नाही, पण नवखे तीही खूण करतात. मूळ अर्थ ‘समजतंय?’ एवढाच.

‘लिहून घ्या’ म्हणून सर बोलतच राहिले, तर मुलाची मान वहीत असेपर्यंत हात थांबवा, मुद्दे डोक्यात धरा आणि मान वर आली की द्या. खरा उपाय शिक्षकांकडेच आहे: फळ्यावर लिहून झालं की पाच सेकंद थांबणं, आणि प्रश्न विचारल्यावर पाच अंक मोजून मगच उत्तर घेणं. नाहीतर तुमची खूण पुरी होण्याआधी मागची पोट्टी ओरडून मोकळी. प्रयोगात आधी पाहू द्या, मग खुणा. व्हिडिओ दाखवताना वर्गात एक दिवा चालू ठेवून पडद्याशेजारी उभं राहा. श्रुतलेखन खुणांनी होत नाही, कारण खूण अर्थ देते, शुद्धलेखन नाही. त्याऐवजी वेगळी चाचणी मागा.

मूल खुणांनी बोललं की तुम्ही ‘मी’ म्हणून बोला. ‘तो म्हणतो की’ नको. चुकलेलं उत्तर चुकलेलंच सांगा. खूण तुमची चुकली असेल तर मात्र तिथल्या तिथे कबूल करा. ‘त्याला विचारा ना, मॅडम’ असं शिक्षक म्हणाले, तर त्याच्याकडेच बघून बोलायची विनंती करा. हजेरी घेणं, वर्ग सांभाळणं तुमचं काम नाही. मागच्या बाकावरचा विनोद पोचवणं मात्र आहे.

दर २० मिनिटांनी जोडीदाराशी अदलाबदल करावी. थकवा जाणवण्याआधीच खुणा चुकू लागतात. बहुतेक ठिकाणी दुभाषी एकटाच. तेव्हा ४० मिनिटांच्या तासात १० मिनिटं लेखी काम ठेवायला सांगा. तासाआधी मनगट आणि खांदे मोकळे करा.

परीक्षेत फक्त तोंडी सूचना पोचवा. प्रश्नातल्या शब्दाचा अर्थ खुणेनं सांगणं म्हणजे उत्तराचा इशारा. मान्य सवलत वेळेची आहे: ताशी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. ती लागू असेल तर पर्यवेक्षकांना घंटेआधीच आठवण करून द्या.