पाचारणाची वही

आपलं पाचारण, म्हणजे देवाची हाक, शोधायला वही ठेवताय? ‘देवाने मला कशासाठी बोलावलंय?’ हा प्रश्न तिच्या पहिल्या पानावर लिहू नका. पुढची पानं कोरीच राहतात. त्याऐवजी रात्री प्रार्थनेआधी दिवस उलगडून पाहा: आज कशात मन ताजं झालं, कुठे कोरडं पडलं? 16व्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली ही पद्धत. प्रसंग नेमका लिहा. ‘सेवा केली’ नको. ‘धाकट्याला अपूर्णांक समजावले, वेळ कसा गेला कळलंच नाही’ असं. महिन्याने पुन्हापुन्हा येणाऱ्या गोष्टी अधोरेखित करून चर्चच्या पाळकांना किंवा एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला तरी देवाची हाक कुठे ओळखता आली? तीनदा चुकला, मग याजक एलीने सांगितलं. आणि हो, परीक्षेच्या आठवड्यातल्या नोंदी वाचून कोर्स बदलू नका. उदासीत आधीचा निर्णय फिरवू नये, असं लोयोलाही सांगत.